आई, स्ट्रेचर आणि अकरा तास

आई ८१ वर्षांची. मंगळवारी सकाळी सहाला कोथरूडच्या घरी बेसिनपाशी पडली आणि बाबांचा डबा भरला का, असं विचारायला लागली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. १०८ला फोन केला, इमर्जन्सीत पोचलो. डोक्याच्या सीटीत काही नाही, रक्तातलं सोडियम मात्र १२१. १३५च्या वर हवं. नऊपर्यंत निदान झालं, सलाईन लागलं. इथवर तक्रार नाही.

मग ‘वॉर्डात बेड नाही’ सुरू झालं.

दर तासाला काउंटरवर जायचं, तेच उत्तर ऐकायचं. अकराला मी तडक वरच्या मजल्यावर गेले. एक आजोबा शर्टपँट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बेडवर बसलेले. डिस्चार्ज सकाळीच झालेला, टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेची, मंजुरी अडकलेली. विमा नियामकाचा २०२४चा नियम आहे, तीन तासांत मंजुरी द्यायची. पण ते तास मोजायचे हॉस्पिटलने विनंती पाठवल्यापासून, आणि बिल दुपारी तीनपर्यंत बिलिंगमध्येच होतं! आजोबा माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने बघत होते. त्यांची काय चूक?

खाली आईच्या टाचा लाल व्हायला लागल्या. स्ट्रेचरची गादी म्हणजे बोटभर फोम. तिथल्या मावशींनी पोटऱ्यांखाली चादरीची घडी सरकवून टाचा अधांतरी केल्या, आणि दोन-दोन तासांनी कूस बदलायला मदत केली. त्या माउलीने जे केलं ते एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

शिवाय गडबडीत कानाचं मशीन घरीच राहिलं. डॉक्टरने विचारलं, “आजी, वार कोणता?” आई म्हणाली, “भात नको, पोळी आण.” केसपेपरवर लगेच ‘भान नाही’. दुपारी भावाने मशीन आणलं, तेव्हा तीच आई म्हणाली, “मंगळवार. आणि ओरडू नकोस.” मशीन, चष्मा, कवळी आधी पिशवीत टाका, आधार कार्ड नंतर.

रात्री आठला बेड मिळाला. तोवर मी काउंटरवर दोनदा भांडले होते. त्याने काही हललं नाही, मला मात्र बरं वाटलं.

हो, गोळ्यांची पाकिटंही न्या. बीपीच्या गोळीच्या नावामागे ‘एच’ होतं, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. सोडियम त्यानेच उतरलं असावं, असं डॉक्टर म्हणाले आणि ती गोळी त्यांनी बंद केली. चार वर्षं मीच ती दर महिन्याला आणत होते.