आमची वाटचाल: पातेल्यातून पिंपात

काजूची बी पिरगळून काढून घ्यायची आणि बोंडू, म्हणजे बीला लागलेलं रसाळ फळ, झाडाखालीच टाकायचा, ही आमच्या वेंगुर्ल्याकडची जुनी रीत. बीच्या पाच ते आठ पट वजनाचं फळ दर वर्षी मातीत. शेजारच्या गोव्यात याच फळाच्या रसाची फेणी, म्हणजे दारू, होते, तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे मात्र "बोंडवांक पैशे कोण देता?" हा एकच प्रश्न.

बोंडू घसा धरतो तो टॅनिनमुळे. ते कसं काढायचं, हे केरळ कृषी विद्यापीठाने केव्हाच सांगून ठेवलंय. लिटरभर रसाला ५ ग्रॅम साबुदाणा दळून, शिजवून घालायचा. टॅनिन त्यासोबत तळाला बसतं, बारा तासांनी वरचा निवळ रस काढून घ्यायचा. घरी दोन लिटरवर केलं, जमलं. त्याच भरात बोंडूच्या सिरपचा धंदा करायला कर्ज काढलं.

२०० लिटरच्या उभ्या पिंपात एक किलो साबुदाणा गेला आणि त्याच्या गुठळ्या झाल्या. सकाळपर्यंत गाळ अर्ध्यावरच तरंगत होता, आणि एप्रिलच्या उकाड्यात रसाला वास सुटला होता. गावातल्या एकाने तो आनंदाने मागून नेला, कशासाठी ते विचारलं नाही. शेवटी उंच पिंपं काढून पसरट स्टीलच्या टाक्या केल्या. गाळाला खाली उतरायचं अंतरच कमी झालं. साबुदाण्याची पेज आधी थोड्या रसात घोटून मग टाकीत घालायची, हेही चार टाक्या वाया गेल्यावर कळलं.

रस काढायचा पहिला चरक लोखंडी होता. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की रस काळा पडतो. हे मला माहीत असायला हवं होतं. घरी विळीवर कच्ची केळी चिरली की हात काळे होतातच की.

सिरप म्हणून विकायचं तर किमान २५ टक्के रस आणि ६५ ब्रिक्स, म्हणजे साखरेचं तेवढं प्रमाण, लागतो. पहिल्या वर्षी ब्रिक्स अंदाजाने धरला. साखर कमी पडली, एसटीच्या पार्सलात सिरप आंबून झाकणं उडाली, दुकानदाराने अख्खा माल परत पाठवला. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर त्यानंतर आला.

खरी झटापट मात्र फळाशीच. पडून फुटलेला बोंडू काही तासांत आंबतो, आणि बागायतदार तर बी गळून पडायचीच वाट बघतो. किलोमागे भाव देऊनही क्रेटमध्ये चिखल यायचा. मग चरकच टेम्पोवर चढवला. आता आम्ही पहाटे बागेत जातो, बायका हाताने काढलेला बोंडू वेगळा ठेवतात, त्याला जास्त दर. दहाच्या आत रस टाकीत. मे महिन्यात त्याच टाक्यांत रातांब्याचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस), नाहीतर तीन महिन्यांच्या हंगामावर हप्ते फिटत नाहीत.

चोथ्याचं अजून जमलेलं नाही. सुकवून गुरांना घातला, त्यांनी हुंगला आणि तोंड फिरवलं. सध्या तो माडांच्या आळ्यात जातो.