चपलेच्या गाण्याचे १५३६ फोटो

यंदा स्नेहसंमेलनात नाच नको, कार्टून करू या, असं चौथीची मुलं म्हणाली. त्याला कारण मीच. ऑगस्टमध्ये मी त्यांना ‘एक अनेक और एकता’ ही कार्टून फिल्म दाखवली होती. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेली, विजया मुळे यांची. संगीत वसंत देसाईंचं, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. दूरदर्शनवर ती बघतच मी मोठी झाले. मुलांनी ती लागोपाठ चार वेळा लावायला लावली.

गोष्ट त्यांनीच रचली. देवळाबाहेर चुकामूक झालेली एक चप्पल आपली जोडी शोधत गावभर गात फिरते. आम्ही कार्डपेपरची पात्रं कापली, सांध्यांत दोरा ओवून गाठी मारल्या. दोन स्टुलांवर फळी टाकून मोबाइल खाली तोंड करून बांधला. पात्र जरासं हलवायचं, एक फोटो काढायचा; पडद्यावर सेकंदाला असे १२ फोटो. दोन दिवस अंदाजाने हलवत दोनशे फोटो काढले आणि मग त्यावर गाणं लावलं. ठेका एकीकडे, चप्पल दुसरीकडे!

मग हिशेब मांडला. अशा फिल्ममध्ये गाणं आधी पक्कं करतात आणि चित्रं त्याच्या मात्रांवर, म्हणजे ठेक्याच्या ठोक्यांवर बसवतात. आमच्या गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रा, म्हणजे एका मात्रेला ७.२ फोटो. ०.२ फोटो कुठून काढणार? लय ९० वर आणली की मात्रेला बरोबर ८ फोटो पडतात, केरवा तालाच्या आठ मात्रांच्या एका आवर्तनाला ६४. गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. २४ आवर्तनं, १५३६ फोटो. फळ्यावर तक्ता आखला, मुलं मात्रा मोजत पाऊल पुढे सरकवू लागली.

उजेडानेही छळलं. खिडकीबाहेर ढग आला की चित्र लुकलुकायचं. शेवटी खिडक्यांना चादरी लावल्या, दोन बल्ब टांगले आणि मोबाइलचं एक्स्पोजर, म्हणजे तो किती उजेड आत घेतो ते, लॉक केलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तोंडांनी. चपलेला चार तोंडं केली होती: आ, ई, ओ आणि मिटलेलं. ओळ होती, ‘माझा जोडीदार कुणी पाहिला?’ मिटलेलं तोंड ‘मा’च्या ठोक्यावर ठेवलं तरी ती गातेय असं काही वाटेना. एक मुलगी घरून हातातला आरसा घेऊन आली. कोपऱ्यात बसून तीच ओळ किती वेळा म्हणाली असेल! मग म्हणाली, “बाई, ओठ आधीच मिटतात. ‘मा’ ऐकू येतो तेव्हा तोंड उघडलेलं असतं.” मी आरशात बघितलं. खरंच. मिटलेलं तोंड दोन फोटो अलीकडे घेतलं. ‘पाहिला’च्या ‘पा’लाही तसंच केलं. चप्पल गाऊ लागली.

शाळा सुटल्यावर रोज तासभर, असे सोळा दिवस लागले. फिल्म झाली २ मिनिटं ८ सेकंदांची.

संमेलनात ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर ती ओळ आली की प्रत्येक ‘मा’च्या आधी तिचेही ओठ मिटत होते.