कूलर सुरू, तरी घामाच्या धारा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू आहे. आज पारा ४५ ला टेकला आणि दुपारभर गावात एकच तक्रार: "कूलर सुरू हाय, तरी गदगदूनच रायलं!" बहुतेक घरी कारण एकच, खिडक्या बंद. अहो, कूलर म्हणजे एसी नव्हे. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, एवढंच त्याचं काम. ती दमट हवा बाहेर निघाली नाही तर खोलीत ओल साठते आणि वाफ होणंच मंदावतं. कूलर खिडकीबाहेर ठेवा, समोरची खिडकी वीतभर उघडी. मग ४५ अंशांची कोरडी हवा २८-३० पर्यंत उतरते.

ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवत भरलेल्या जाळ्या, त्याही बघा. खारट पाण्यानं वरच्या पन्हाळीची भोकं बुजतात, ताटीवर कोरडे पट्टे पडतात आणि तिथून गरम झोत थेट आत येतो. भोकं तारेनं मोकळी करा, गवत खाली बसलं असेल तर वरून नवीन भरा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. क्षार जातात, डासांच्या अळ्याही. मोठा लोखंडी कूलर तासाला १०-१५ लिटर पाणी पितो, हेही धरून चाला.

लोखंडी बॉडीला अर्थिंग हवंच. दोन पिनांवर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. पाणी भरताना आधी प्लग काढा. वायरिंग उलटी असेल तर नुसतं बटन बंद करूनही आत करंट राहतो.

मृग बरसला, हवा दमट झाली की पंप बंद करा, नुसता पंखा चालवा.