मावशीच्या कानात नुसता डग्गा

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घोडबंदर रोडवरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सामान हलवताना माळ्यावरून बाबांची दोन खोकी खाली आली. 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या आणि थोड्या ईपी, म्हणजे छोट्या रेकॉर्डी. नाट्यपदं, भावगीतं. पी. सावळाराम आणि वसंत प्रभूंची गाणी आईची विशेष लाडकी. सावळाराम आपल्या ठाण्याचे नगराध्यक्ष होते, हे ती प्रत्येक गाण्याआधी सांगते.

मी ठरवलं, सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि घेतोच आहोत तर स्टिरिओ करायचं, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज. मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज, हे काहीतरी कमी, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

78 चा वेग असलेला जुना टर्नटेबल मिळवला. त्यात एलपीची, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ चालणाऱ्या रेकॉर्डींची सुई होती. तिचं टोक जेमतेम एक मिल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. 78 च्या रुंद खाचेला साधारण तीन मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी बसते आणि तिथली घाण वाजवत राहते. पहिल्या दहा रेकॉर्डी मी अशाच उतरवल्या. सुई बदलून पुन्हा सगळ्या. शेजारच्या प्लॉटवर पायलिंग चालू होतं, त्याचे हादरे टेबलातून थेट सुईत जायचे. म्हणून रात्री अकरानंतरच बसायचो.

हेडफोन लावला आणि मी खूश झालो. डावीकडे-उजवीकडे चक्क वेगळं ऐकू येत होतं! दोन दिवसांनी कळलं की पसरली होती ती फक्त खरखर. मोनो रेकॉर्डची खाच आडवी हलते, गाणं सगळं त्या आडव्या हालचालीत. स्टिरिओ पिकअप, म्हणजे सुईची हालचाल वाचणारा भाग, मात्र वर-खाली हलणंही वाचतो आणि मोनो रेकॉर्डमध्ये वर-खाली जे हलतं ते धूळ आणि झीज. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केलं की ते एकमेकांना मारतं. केलं, तर निम्मी खरखर कुठलाही फिल्टर न लावता गेली. म्हणजे स्टिरिओ करायला निघालेल्याने पहिलं काम केलं ते नीट मोनो करण्याचं.

मग पसरवायचा उद्योग. 1961 मध्ये कॅपिटॉल या अमेरिकन कंपनीने मोनो रेकॉर्डी स्टिरिओसारख्या पसरवून 'ड्युओफोनिक' नावाने विकायला सुरुवात केली होती. खर्ज एका बाजूला, वरचे सूर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये सेकंदाच्या काही शतांशांचा उशीर. मीही ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच केलं. हॉलमधल्या स्पीकरवर बरं वाटलं. फाइल आईच्या मोबाइलवर टाकली.

डोंबिवलीची मावशी आली होती. दुपारी घरात बाळ झोपलेलं असतं, म्हणून या दोघी एकच इअरफोन वाटून घेतात, एक बोंड आईच्या कानात, एक मावशीच्या. पाच मिनिटांनी आतून हाक आली.

"अरे, हिला गाणं ऐकू येतंय आणि मला नुसता डग्गा! हे काय केलंस?"

"मावशी, ते स्टिरिओ आहे."

"असेल. माझं अर्ध गाणं कुठे गेलं ते सांग."

मग नुसता उशीर वापरून पाहिला. तोच आवाज उजवीकडे दहा मिलिसेकंद उशिरा. गायिका सरकून डावीकडे जाऊन बसली, कारण आवाज ज्या बाजूने आधी पोचतो तिकडूनच तो आला असं कान धरतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 च्या प्रबंधात हेच मांडलं होतं. आणि मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू मिसळल्या की 50, 150, 250 हर्ट्झ असे दर शंभरावर सूर खाल्ले जायचे. पिंपात तोंड घालून गाणं म्हटल्यासारखं. गाण्यातला आवाज आणि वाद्यं सुटी करणारा एआयही वापरला. त्याने डग्गा 'बेस'मध्ये टाकला, तबला 'ड्रम्स'मध्ये, आणि गळ्याला चिकटून जाणाऱ्या सारंगीचे तुकडे केले. तो विषय तिथेच संपवला.

उपाय सापडला तो जुनाच. डॅनिश रेडिओतले लॉरिडसेन यांनी 1950 च्या दशकात सुचवलेला. मूळ ट्रॅक मध्यभागी तसाच ठेवायचा. त्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्ही वीस मिलिसेकंद मागे सरकवायच्या. एक पूर्ण डावीकडे, दुसरी 'इन्व्हर्ट' करून, म्हणजे तिची लहर उलटी करून, पूर्ण उजवीकडे. एका बाजूला जे सूर उठतात ते दुसऱ्या बाजूला दबतात, त्यामुळे खोलीत वाजल्याचा भास होतो. गंमत अशी, की दोन्ही चॅनेल मिसळले तर अधिक आणि उणे मिळून शून्य होतं आणि मूळ मोनो जसंच्या तसं परत मिळतं. मी त्या प्रतींमधला 300 हर्ट्झखालचा, म्हणजे खर्जाचा भाग काढला, म्हणजे डग्गा मधेच राहतो, आणि त्या मूळपेक्षा दहा डेसिबल खाली ठेवल्या. आठवर नेल्या तर आवाज घोगरा, तरंगता होतो. बाराच्या खाली फरकच कळत नाही.

नाट्यपदांना हे शोभतं. ऑर्गनला जरा हवा मिळते. भावगीतांना मला नाही आवडलं. मायक्रोफोनजवळ हळू म्हटलेलं गाणं खोलीभर कशाला पसरायचं? ती मी मोनोच ठेवली.

आता पेन ड्राइव्हवर दोन फोल्डर आहेत. 'हॉल' मध्ये नाट्यपदं, पसरवलेली. 'आई-मावशी' मध्ये सगळं मोनो, कारण एका कानाला मिळणारं गाणं अर्धवट नको. परवा मावशीने फोन करून विचारलं, तिच्या सुनेला इअरफोन नको, मोठ्याने लावायचं आहे, तर कुठलं फोल्डर लावू.