ल साँतिएमध्ये रिव्हर्सोच्या कडा बघताना

स्वित्झर्लंडमध्ये लोझानहून ल साँतिएला जाणारी गाडी चढत जाते, जंगल दाट होतं, आणि ल पाँ स्टेशनाशी एकदम झू तळं समोर येतं. प्रवासाचं एवढंच. मी निघालो होतो रिव्हर्सो बघायला, म्हणजे पेटी उलटवता येणारं मनगटी घड्याळ. खोरं समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. हिवाळा इथे लांबतो, तळं गोठतं. शेती बंद पडली की पूर्वी घराघरांतून खिडकीच्या उजेडात घड्याळाचे सुटे भाग घडायचे. घड्याळजी आंत्वान लकुल्त्रने १८३३ मध्ये याच गावात आपलं वर्कशॉप थाटलं आणि १८४४ मध्ये मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजणारं यंत्र बनवलं. आजची जेगर-लकुल्त्र कंपनी अजून इथेच आहे. तिचा जुन्या घड्याळांचा वारसा बघायला आधी वेळ ठरवून जावं लागतं.

कंपनीचं १९२९ चं १०१ नंबरचं यंत्र, म्हणजे घड्याळाच्या आतली चालणारी रचना, १४ मिलिमीटर लांब, जेमतेम ५ रुंद आणि वजनाला साधारण एक ग्रॅम. अ‍ॅटमॉस या टेबलावरच्या घड्याळाला तर चावीच द्यावी लागत नाही. तापमान एका अंशाने बदललं की आतला वायू फुगतो किंवा आकसतो आणि दोन दिवसांची ताकद स्प्रिंगमध्ये भरून ठेवतो. दोन्ही थोर आहेत. पण मी आलो होतो रिव्हर्सोसाठी, आणि पाय तिथेच अडकले.

रिव्हर्सोचं मूळ आपल्याकडचं आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. त्यावर उपाय म्हणून सेझार द त्रे या व्यावसायिकाने उलटवून काच आत लपवता येणाऱ्या घड्याळाची कल्पना पुढे नेली. रने-आल्फ्रेड शोव्हो या इंजिनिअरने ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज केला. सुरुवातीच्या रिव्हर्सोंत यंत्र ताव्हान या दुसऱ्या कंपनीचं असायचं, लकुल्त्रचं स्वतःचं १९३३ पासून आलं. त्यामुळे १९३१-३२ चा नग उघडल्यावर आत परकं यंत्र दिसलं, तर लगेच बनावट ठरवू नये.

जुन्या नगाचं सगळं मोल माझ्या लेखी कडांमध्ये आहे. तबकडीच्या वर तीन आणि खाली तीन आडव्या रेघा धातूतच कोरलेल्या असतात. तिरप्या उजेडात धरलं की चांगल्या नगावर प्रत्येक रेघेची धार वेगळी चमकते, सावली पातळ आणि सरळ पडते. पॉलिश मारलेल्या नगावर त्याच रेघा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. पॉलिशचं चाक उंचवट्यावर आधी टेकतं, म्हणून धार जाते आणि खाच तशीच राहते. शिवाय टोकांना धातू जास्त झिजतो. मग पेटी (तबकडी आणि यंत्र असलेला, उलटणारा भाग) मिटल्यावर ती आणि खालचा पाळणा (पट्ट्याला जोडलेली चौकट) यांच्यातली फट एका बाजूला रुंद दिसते. झीज भरून येत नाही. जिनिव्हातल्या जुन्या घड्याळांच्या एका दुकानात ओळीने असे लखलखीत, धार गेलेले नग मांडले होते, वर ‘अगदी नव्यासारखं’ म्हणून कौतुक. मला ते बघवलं नाही.

उलटवून बघितल्याशिवाय घेऊ नका. पाळणा वरून-खालून दोन बोटांत धरायचा, पेटी आडवी पूर्ण सरकवायची, मगच फिरवायची आणि परत आत ढकलायची. अर्धवट सरकवून जोर लावला तर खुंटी वाकते. शेवटी ‘टक्’ असा कोरडा आवाज यायला हवा. स्प्रिंगवरची बारीक गोळी खाचेत बसल्याचा तो आवाज. तो मऊ आला किंवा पेटी हलली, तर गोळी किंवा खाच झिजली आहे. सरकताना खरखर लागली, तर पन्हळीत धूळ आणि वाळलेला घाम आहे. पाळण्याच्या तळावरचे आडवे ओरखडे त्यातूनच येतात. आपल्या कोकणच्या हवेत हे फार लवकर होतं. तेल सोडू नका, तेलाला धूळ चिकटते. पेटी सुटी करून घेऊन साफ करणं हाच उपाय, आणि तेही हे काम आधी केलेल्या घड्याळजीकडूनच.

तबकडी भिंगाखाली बघा. मिनिटांची रुळासारखी पट्टी चारही कोपऱ्यांत सारखी वळायला हवी. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर ती नेमकी कोपऱ्यातच जाड होते किंवा तुटते, अक्षरंही फुगीर दिसतात. जरा पिवळी पडलेली पण मूळची तबकडी मी कधीही वरची मानेन.

मग पाठ. तिथे लोक आद्याक्षरं कोरून घेत, कुलचिन्हं काढून घेत. १९३६ च्या एका रिव्हर्सोच्या पाठीवर तर भारतीय स्त्रीचं मीनाकारीतलं चित्र आहे. विकताना मात्र कित्येकांनी आधीच्या मालकाची अक्षरं घासून काढली. अशी पाठ खिडकीकडे धरली की चौकटीचं प्रतिबिंब सरळ न दिसता मधोमध लवतं. अक्षरं जिथे होती, बरोबर तिथे.