खर्जातला गंधार

मी पेटीवर (हार्मोनियमवर) गायकांना साथ करते आणि त्या कार्यक्रमांची एक वही गेली २६ वर्षे ठेवत आले आहे. तारीख, ठिकाण, गायकाची पट्टी (म्हणजे त्याचा षड्ज, सा, कोणत्या सुरावर आहे ते), गायलेले राग आणि शेवटी स्वतःसाठी एखादी ओळ, एवढेच तिच्यात असते. डिसेंबर संपत आला की मी ती वही पहिल्या पानापासून वाचायला घेते. यंदा, २०२४ च्या अखेरीस, ती वाचताना ऑगस्टमधल्या एका नोंदीवरून मला पुढे जाता आले नाही. तिथे फक्त तीन शब्द आहेत : ‘भूप. गंधार. ऐकणे.’ भूप हा राग आणि गंधार म्हणजे सा-रे-ग मधला ग.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घरी बैठक होती. बाहेर पाऊस धरलेला, खोलीत तीस-पस्तीस श्रोते, गायकांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, भूप रंगला होता आणि माझ्या मते साथही चांगली झाली होती. बैठकीनंतर चहा घेताना, मागे तानपुऱ्यावर बसलेली १९ वर्षांची मुलगी माझ्याजवळ आली आणि फार संकोचाने म्हणाली, “ताई, रागावू नका, पण तुम्ही गंधारावर थांबलात की मला तानपुऱ्यातला गंधार ऐकू येईनासा होतो.”

तानपुऱ्याच्या चार तारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नसते. तरीही जवारी (घोडीवर तार टेकते तिथली, आवाजाला गुंजन देणारी जुळणी) नीट उघडलेली असेल, तर खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या साच्या, तारेतून शुद्ध गंधार आपोआप उमटतो, कारण त्या तारेच्या मूळ कंपनाबरोबरच त्याच्या पाचपट गतीचे कंपनही तिच्यात चालू असते. त्यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पेटीचे सूर मात्र सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेले असतात. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार त्या स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ १४ भागांनी चढा लागतो. द्रुत तानेत हा फरक निसटून जातो. पण भूपासारख्या रागात, जिथे गंधारच वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, आहे आणि गायक त्याच्यावर शांतपणे विसावतो, तिथे मी पट्टी दाबून धरली की दोन गंधार एकमेकांवर आदळत राहतात.

हे मला पुस्तकातून माहीत होते. विद्यार्थ्यांना मी ते शिकवतही होते. त्या रात्री तलावपाळीवरून चालत घरी जाताना मला सारखे जाणवत होते ते हे, की भर बैठकीत ते माझ्या कानांनी ऐकले नव्हते आणि ज्या मुलीला आम्ही कार्यक्रमानंतर ‘छान हं’ एवढेच म्हणतो, तिने ते ऐकले होते. घरी पोचल्यावर मी तानपुरा काढला, काळी एकमध्ये लावला आणि पेटीचा गंधार धरून बसले. खर्जातून येणारा तो कोवळा स्वर पेटीखाली थरथरत होता, आणि मी भात्यावरचा हात थांबवला की पुन्हा स्वच्छ उभा राहत होता.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, ही गोष्ट मी आजवर नेहमी रागाने सांगत आले. बंदी अन्यायाची होती, हे माझे मत आजही बदललेले नाही, कारण त्याच काळात मैफलींत आणि संगीत रंगभूमीवर गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनी या वाद्याकडून काय काढून घेता येते, हे दाखवले. परंतु पेटीचे स्वर बांधलेले आहेत, तिच्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे) नाही, हे आक्षेप खोटे नव्हते. त्यांचा विचार प्रत्येक बैठकीत पुन्हा करायचा असतो आणि तो करणे मी केव्हातरी सोडून दिले होते. गायक गंधारावर थांबले असताना मी षड्ज-पंचम हलके धरून गप्प राहू शकले असते. ती जागा माझी नव्हतीच.

सप्टेंबरमध्ये माझ्या पेटीवाल्या कारागिरांकडे गेले. त्यांनी रीड, म्हणजे स्वर देणारी धातूची पात, काढली, जिभेला मुळाशी किंचित घासले, फुंकून पाहिले, पुन्हा घासले. मुळाशी घासले की स्वर उतरतो आणि टोकाशी घासले की चढतो, इतका साधा नियम, पण हात जरा जास्त चालला तर रीड वाया जाते. दुहेरी सुरांची पेटी, म्हणून प्रत्येक गंधारासाठी दोन रीडी. सुमारे दोन तास ते माझ्या तानपुऱ्याला कान लावून बसले होते आणि त्या कामाचे त्यांनी सांगितलेले पैसे इतके कमी होते, की मला ते देताना लाज वाटली. अशी लावलेली पेटी एकाच पट्टीत खरी लागते. षड्ज बदलला की उतरवलेला तोच स्वर दुसऱ्या कोणाचा तरी मध्यम किंवा धैवत होतो आणि चुकतो. त्यामुळे आता बरेचदा दोन पेट्या न्याव्या लागतात. ठाण्याहून दादरला जाताना मालडब्यात पाट्या बाजूला सरकवून माझ्या पेट्यांना जागा करून देणाऱ्या मासळीवाल्या मावशींचे नाव मला ठाऊक नाही, तरी वहीत त्यांचीही नोंद आहे.

हे वर्ष संगीतासाठी फार जड गेले. ९ जानेवारीला गायक उस्ताद रशीद खाँ गेले, १३ जानेवारीला गायिका प्रभाताई अत्रे आणि आता १५ डिसेंबरला तबल्याचे झाकीरभाई (झाकीर हुसेन). तबल्याच्या एकल वादनात पेटीवाल्याने एकच लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी छोटी धून, तासभर धरायचा असतो, लय तसूभरही न हलवता, आणि तरी तो मेलेला वाटू द्यायचा नसतो. झाकीरभाईंबरोबर सुलतान खाँसाहेब सारंगीवर लेहरा धरत, ती ध्वनिमुद्रणे ऐकून मी हे शिकले. झाकीरभाईंसमोर बसायचा योग कधी आला नाही. याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या ठाण्याच्या गायक-नट रामभाऊ मराठ्यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आठवडाभर मी दुसरे काही ऐकलेच नाही.

परवा त्या मुलीला फोन केला. ऑगस्टमध्ये मी तिला नुसते “बरं, बघते” म्हटले होते आणि तेवढ्यावर चार महिने गेले, ही चूक माझ्या मनाला फार लागून राहिली होती. तिचे ऐकून पेटीचा गंधार उतरवून घेतला, हे मी तिला सांगितले आणि आभार मानले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “ताई, मला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही मला परत बोलावणार नाही.”

नव्या वर्षातली पहिली बैठक ११ जानेवारीला आहे. गायिकेची पट्टी काळी चार आहे आणि तानपुऱ्यावर तीच मुलगी बसणार आहे. काळी चारसाठी ठेवलेल्या पेटीचा गंधार अजून उतरवायचा राहिला आहे. शनिवारी ती कारागिरांकडे नेऊन देईन, आणि या खेपेला तानपुरा धरायला तिलाही बरोबर बोलावले आहे.