चार हिट पॉइंटांचा जीव

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्र वठवत खेळायच्या खेळातल्या पहिल्या लेव्हलच्या जादूगाराइतका केविलवाणा प्राणी शोधून सापडायचा नाही. 1981 च्या बेसिक नियमांत त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसून जगेल तो आकडा, चार बाजूंच्या एकाच फाशावर ठरतात. एक पडला तर एक. चिलखताला बंदी, शस्त्र म्हणून खंजीर, आणि दिवसाला मंत्र फक्त एक. त्यातही शहाणा खेळाडू निद्रामंत्र घेतो, कारण त्याने एका दमात नऊ-दहा गॉब्लिन (बुटके राक्षस) सहज आडवे होतात. मात्र तो वापरला की उरलेला दिवस साहेबांनी मशाल धरून मागे उभं राहायचं.

एवढा दुबळा गडी घेऊन खेळण्यात मजा ती काय? मजा अशी की कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या कागदावर, काहीच नसल्यामुळे खेळाडूला भुयारातल्या खोलीकडे नीट बघावं लागतं. दहाव्या लेव्हलचा योद्धा दार लाथेने उघडतो. नवखा आधी दाराला कान लावतो, मग दहा फुटी काठीने फरशी ठोकून बघतो, आणि तरीही आधी कोण जाणार यावर वाद घालतो.

जुन्या नियमांचा हिशोबही याच बाजूने आहे. योद्ध्याला दुसरी लेव्हल गाठायला 2000 अनुभव गुण लागतात. एका गॉब्लिनचे मिळतात 5, तेही सगळ्यांत वाटून. म्हणजे एकट्याने मारायचे तर 400 गॉब्लिन! उलट बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेला 1 गुण. तेव्हा गॉब्लिनला मारण्यापेक्षा त्याला गुंगारा देऊन पेटी पळवणं कधीही परवडतं. हे न कळलेली टोळी पहिल्याच खोलीत तलवारी उपसते आणि तिथेच संपते.

सामानाच्या यादीला या लेव्हलवर खरी किंमत येते. पन्नास फूट दोर, दाराखाली ठोकायला लोखंडी खिळे, तेलाच्या बाटल्या, मशाली. मशाल तासभर जळते, म्हणजे दहा मिनिटांचे सहा टर्न. सहा मशाली घेऊन एकेक पेटवत उतरलात तर तिसरी विझायच्या आत मागे वळलेलं बरं, कारण परतीची वाटही अंधारीच असते. हा हिशोब खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने कागदावर रेघा मारून ठेवावा. ‘असेल अजून एखादी’ असं चालवून घेतलं की भीती गेली, आणि भीतीबरोबर खेळही.

याच्याही खालची पायरी 2012 च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या अशाच दुसऱ्या खेळात आहे: लेव्हल शून्य. प्रत्येक खेळाडूला दोन ते चार गावकरी मिळतात. त्यांचे गुण, धंदा, खिशातली तांब्याची नाणी, सगळं फाशावर. ही फौज भुयारात लोटायची आणि जे जगून बाहेर येतील त्यांनाच पहिली लेव्हल. इथे पात्राचा तीन पानी पूर्वेतिहास लिहून आणणाऱ्याची हमखास फजिती होते. एक ओळ पुरे. बाकीचा इतिहास भुयारात घडतो.

सूत्रधाराच्या चुका मात्र ठरलेल्या. सगळ्यात मोठी म्हणजे ऊठसूट फासे टाकायला लावणं. नवख्याला फाशाच्या आकड्यात +2 मिळत असतील आणि गाठायचं लक्ष्य 15 असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर 13 किंवा जास्त हवेत, म्हणजे यशाची शक्यता 40 टक्के. एकच भिंत चढण्यासाठी असे तीन फासे टाकायला लावले की ती साडेसहा टक्क्यांच्याही खाली येते. भिंत चढणं अशक्यच ठेवायचं होतं तर तसं सांगून मोकळं व्हावं. दोर, खिळे आणि वेळ हाताशी असेल तर फासा नकोच.

दुसरी चूक शत्रू निवडण्यातली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या नियमांतला ऑर्क हा राक्षस दिसायला साधा, पण त्याची कुऱ्हाड क्रिटिकल (फाशावर 20 पडून, दुप्पट जोराने) बसली तर सरासरी 16 हिट पॉइंट जातात. 8 हिट पॉइंटांचा जादूगार तेवढ्या एका घावात जागीच मरतो, जीव वाचवायला मृत्यूचे फासे टाकायचीही सोय उरत नाही. पहिल्याच बैठकीत हे घडलं की खेळाडू पुढच्या वेळी यायचा नाही. धोका असावा, पण त्याची चाहूल आधी लागावी: दाराबाहेर हाडं, भिंतीवर कुऱ्हाडीचे वार. एवढं बघूनही कोणी आत शिरला तर दोष त्याचा.

आणि कोणी मेलंच, तर त्या खेळाडूला तासभर नुसतं बसवून ठेवू नये. टोळीने भाड्याने आणलेला मशालवाला असतोच. तो लगेच त्याच्या हवाली करावा. नाव काय, तलवार धरता येते का, हे चालता चालता ठरेल.